आठल्येकाकांची बशी

तीन वेगवेगळ्या डब्यांतली काडतुसं मी एका डब्यात भरली. का, तर टेबल नीटनेटकं दिसावं म्हणून. तिन्ही डबे अर्धेमुर्धे रिकामे होते, तिन्हींवर एकच माप छापलेलं होतं, आणि आमच्या पुण्याच्या घरी तीन बरण्यांच्या तळाशी उरलेली तूरडाळ एका बरणीत ओतायची पद्धत आहे. मी मेकॅनिकल इंजिनिअर. त्यातून मोटारी बनवणाऱ्या कंपनीत थरथर आणि आवाज मोजायच्या खात्यात नोकरीला. म्हणजे जगात ज्या मोजक्या माणसांना ही चूक करायचा काही अधिकार नव्हता, त्यांत माझा नंबर बराच वर लागतो.

काडतुसं आठल्येकाकांची होती. वामन आठल्ये, मूळचे मिरजेचे. तरुणपणी जर्मनीत आले, र्युसेल्सहाइमच्या कारखान्यात साचे करायच्या विभागात आयुष्यभर राबले आणि निवृत्त होऊन ओडेनवाल्डच्या डोंगरातल्या एका खेड्यात बायकोच्या माहेरच्या घरात राहिले. आता ते नाहीत. असते आणि हे वाचलं असतं, तर जर्मन सवयीने म्हणाले असते, "आल्झो, तर मग इंजिनिअर, पहिल्या वाक्यात खरं बोललास. आता पुढे सांभाळ."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते फ्रँकफर्टच्या गणपतीत. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, सगळीकडे झब्बे आणि पैठण्या, आणि कोपऱ्यात शिंगाच्या बटणांचं हिरवं लोकरी जाकीट घातलेला एक उंच, वाळका म्हातारा. काट्याने मोदकाचे चार सारखे तुकडे करून खात होता. मी शेजारी जाऊन बसलो, कारण दुसरीकडे सगळे जोडीने बसले होते.

"कुठं असता?"

"र्युसेल्सहाइमला."

"एकटेच?"

"बायको पुण्यात आहे. तिची पीएच.डी. संपायचीय."

"रविवारी काय करता?"

"विशेष काही नाही. वाचतो, फिरायला जातो..."

"खोटं बोलू नका," ते म्हणाले. "मी नवा होतो तेव्हा रविवारी आगगाडीचं वेळापत्रक वाचायचो. कुठं जायचं नसताना."

मग मीही खरं सांगून टाकलं. आदल्याच रविवारी मी कालनिर्णय टांगायला भिंतीत ड्रिल मारलं होतं. रविवारी या देशात आवाज करायचा नसतो, हे मला ठाऊक नव्हतं. घरमालकीण वर आली, शेजारचे आले, त्यांच्या मागून समोरच्या आजी आल्या. आठ महिन्यांत माझ्या दारात एवढी माणसं कधी जमली नव्हती. ती शिव्या देत होती आणि मला आतून बरं वाटत होतं. मी त्यांना चहा विचारला.

काका हसले नाहीत. जाकिटातून रुमाल काढून त्यांनी काटा पुसला आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी माझ्याकडे या. वरणभात करतो. बंदूक दाखवतो."

हे मी फोनवर मंजिरीला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ती म्हणाली, "वरणभात आणि बंदूक? सुहास, हे आईंना सांगू नकोस. त्यांना फक्त वरणभात सांग."

काका खरोखरच शिकारी होते, परवानाधारक, आणि पक्के शाकाहारी. मारलेलं हरण गावातल्या खाटकाकडे जायचं, तिथून शेजाऱ्यांकडे. यांच्या ताटात गवार. मी पहिल्याच रविवारी अगोचरपणे विचारलं, "काका, खायचं नाही तर मारायचं कशाला?" त्यांनी वाटीत तूप वाढता वाढता सांगितलं. सासरे गावचे शिकारी. मुलीने, म्हणजे इंगेने, हा सावळा, अंडंही न खाणारा मुलगा घरी आणला, तेव्हा सासऱ्यांनी एकच अट घातली. खात नाहीस, हरकत नाही. पण या रानात हरणं माजली की रोपटी उरत नाहीत, म्हणून कुणीतरी मारावी लागतात. ती नीट मारायला शिक. जनावराला तळमळत ठेवायचं नाही. "मी इंगेसाठी काहीही शिकलो असतो," काका म्हणाले. "बंदूक त्या मानाने सोपी. तिच्या आईची बोली जास्त कठीण होती."

इंगेकाकू जाऊन काही वर्षं झाली होती. दोघं मिळून संध्याकाळी मचाणावर बसायचे, आता काका एकटे बसत. बार काढायची वेळ क्वचितच यायची. मी एकदा त्यांच्याबरोबर बसलो. समोर ओलं कुरण, कडेला बीचची झाडं, आणि दोन तासांत एक ससा. थंडीने माझे दात वाजायला लागले तेव्हा काका कुजबुजले, "एकट्याने घरात गप्प बसलं की उमा मला डॉक्टरकडे न्यायला निघते. इथं बसलं की लोक शिकारी म्हणतात. हा गप्प बसायचा परवाना आहे, इंजिनिअर."

उमा त्यांची मुलगी. फ्रँकफर्टला बँकेत. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर जर्मनमध्ये यायचं. बापलेकीचं बोलणं ऐकताना मला दोन वेगळ्या फोनवरची अर्धी अर्धी संभाषणं ऐकल्यासारखं वाटे.

बंदूक सासऱ्यांची. जुनी, लाकूड हाताच्या घामाने काळं पडलेलं, वर दुर्बीण. काकांच्या मते त्या बंदुकीला चव होती. "हिला एकच काडतूस आवडतं. दुसरं घातलं तर गोळी जाते, पण मनाला येईल तिथे." मला हे ऐकून गंमत वाटली. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची माया आहे, चालायचंच. नळी तीच, दुर्बीण तीच, अंतर तेच. गोळी जड असेल तर थोडी खाली लागेल, हलकी असेल तर थोडी वर. मी ऑफिसात बसून एक्सेलमध्ये तक्ता केला, रंगीत आलेख काढला आणि पुढच्या रविवारी त्यांच्यासमोर ठेवला. काकांनी तो चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिला. "सुंदर," म्हणाले. "चला."

गावाबाहेर शूटिंग क्लबची लाकडी शेड होती. समोर शंभर मीटरवर मातीचा बांध, त्यापुढे कागद. काका टेबलाशी बसले, बंदूक वाळूच्या पिशवीवर ठेवली आणि आधी नेहमीच्या, मग जड गोळ्या मारल्या. माझं काम लांबच्या दुर्बिणीतून भोकं कुठे पडली ते सांगायचं. माझ्या तक्त्याप्रमाणे जड गोळ्या दोन बोटं खाली लागायला हव्या होत्या. त्या तळहातभर वर लागल्या. आणि डावीकडे.

"काय म्हणतो तक्ता?" काकांनी विचारलं.

मी म्हणालो, "वारा असेल."

समोरच्या बांधावरचं गवत हलत नव्हतं.

मग त्यांनी मला समजावलं. ते लहानपणी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत वाढले होते. "बार उडाला की नळी थरथरते. तार छेडल्यासारखी. वर उचलली पण जाते. गोळी अजून आतच असते. हलकी गोळी पटकन बाहेर पडते, जड गोळी उशिरा. ती बाहेर पडते त्या क्षणी नळीचं तोंड जिकडे असेल, तिकडे गोळी जाणार. दारू वेगळी, गोळी वेगळी, की थरथर वेगळी. शंभर मीटर पुढे काय होतं ते तू काढलंस. हातभर नळीच्या आत काय होतं ते सोडून दिलंस. तुझं खातं कुठलं म्हणालास?"

"थरथर मोजायचं," मी म्हणालो.

"गेनाऊ, तेच तर," काका म्हणाले, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. ते जास्त लागलं.

कागदावर त्यांची मोजपट्टी म्हणजे चहाची बशी. घरातली एक निळ्या काठाची बशी ते शेडमध्ये घेऊन येत आणि भोकांवर ठेवून बघत. भोकं बशीखाली झाकली गेली तर माणूस शिकारीला लायक. एखादं भोक बाहेर दिसलं तर बंदूक घरी ठेवायची. "कागदावर बोटभर चुकलं तर कागद काही म्हणत नाही. रानात ते जनावर पाय ओढत झाडीत जातं आणि कुठेतरी रात्रभर पडून राहतं."

त्या शरद ऋतूत बशीचं महत्त्व वाढलं. एक तर त्यांच्या बंदुकीचं आवडतं काडतूस कंपनीने बनवायचं बंद केलं. डब्यात थोडी उरली होती, आणि त्याच मापाची दुसऱ्या दोन कंपन्यांची आणून ते बघत होते. आणि त्यात उमाने बोलून टाकलं. तिच्या मते बाबांनी आता घर विकून तिच्याकडे राहायला यावं. ते जिन्यावर एकदा घसरले होते. हिवाळ्यात रस्ता बर्फाने बंद होतो. बंदुकीची तर तिला भीतीच वाटायची. काका ऐकेनात. शेवटी जेवणाच्या टेबलावर, माझ्यासमोर, करार झाला. उमा स्वतः शेडमध्ये येणार. पाच बार. पाचही बशीखाली गेले तर वर्षभर तिने विषय काढायचा नाही. एक जरी बाहेर गेला तर बंदूक जमा करायची, घर विकायचं आणि फ्रँकफर्टला जायचं.

"आब्गेमाख्ट," उमा म्हणाली. ठरलं.

"ठरलं," काका म्हणाले.

मी मनातून हबकलो. मला काकांची काळजी होती असं लिहायला बरं वाटेल, पण खरं म्हणजे मला माझ्या रविवारांची काळजी होती.

परीक्षेच्या सकाळी पातळ धुकं होतं. काकांनी तिन्ही डबे टेबलावर ठेवले. जुन्या काडतुसांनी पाच बार मारायचे आणि नंतर वेळ उरला तर नवी तपासायची, असा त्यांचा बेत. ते उमाबरोबर कागद लावायला बांधापर्यंत गेले. मी शेडमध्ये एकटा. समोर तीन अर्धवट डबे, पसारा. परीक्षेला बसणाऱ्या माणसाचं टेबल कसं स्वच्छ असावं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

काका परत आले, कानांवर आवाज अडवणारी मोठी बोंडं चढवली, समोरच्या एकमेव डब्यातून न बघता एक काडतूस उचललं आणि बार काढला. मग दुसरं. दुसऱ्या बारानंतर त्यांनी मान थोडी वर केली, बंदुकीकडे पाहिलं, क्षणभर थांबले. मला वाटलं, दमले. मग तिसरं, चौथं, पाचवं. मी दुर्बिणीतून बघत होतो. भोकं कागदभर पसरली होती.

उमाने कागद आणून टेबलावर ठेवला. काकांनी त्यावर बशी ठेवली, इकडून तिकडे सरकवली. कुठेही ठेवली तरी भोकं बाहेर. ते काही बोलले नाहीत. उमाही बोलली नाही. तिने वाकून जमिनीवर पडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा केल्या, त्यांच्या बुडाकडे एकदा बघितलं आणि टेबलावर ठेवून दिल्या. काकांनी बंदूक पुसायला घेतली. "झालं तर मग," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता.

आणि माझी नजर पुंगळ्यांवर गेली. बुडावर तीन निरनिराळ्या कंपन्यांचे शिक्के.

मी ओरडलोच. "काका! थांबा! हे माझ्यामुळे झालं!" आणि मला चेव आला. मी मोडक्या जर्मनमध्ये उमाला सांगू लागलो, मध्येच मराठीत काकांना. मी डबे एकत्र केले! म्हणजे गोळ्या तीन जातींच्या! आता कागद बघा. ही दोन भोकं एकमेकांना चिकटलेली, ही दुसरी दोन चिकटलेली, हे एकटं. म्हणजे हात स्थिर आहे, फक्त प्रत्येक जातीची जागा वेगळी! दोन दोन भोकांवर असा निष्कर्ष काढला म्हणून आमच्या स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी मला वर्गाबाहेर काढलं असतं, हे लक्षात येऊन मी म्हणालो, "काका, पुन्हा मारा. फक्त जुनी. मी निवडून देतो."

"राहू दे," काका म्हणाले.

"नाही, नाही, काका, चूक माझी आहे, तुम्ही का भोगायचं?"

"इंजिनिअर, राहू दे म्हटलं ना."

मी ऐकतो कशाला? मी पाच काडतुसं निवडून, पुसून, ओळीत उभी केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उमाकडे पाहिलं आणि बसले. पाच बार. या वेळी कागदाला मी स्वतः पळत गेलो. पाच भोकं बशीच्या मधल्या खोलगट भागात मावली असती. मी कागद झेंड्यासारखा धरून परत आलो.

उमाने कागद पाहिला. मग वडिलांच्या गालावर ओठ टेकवले, "ग्लुकवुन्श, पापा" म्हणून अभिनंदन केलं, मला हात दिला आणि आपल्या गाडीतून निघून गेली. मला वाटलं, हरल्याचा राग असेल.

परतताना काका गाडी चालवत होते. गावाच्या अलीकडचं वळण आलं. मी उत्साहात होतो. म्हणालो, "नशीब, वेळेत लक्षात आलं."

"मला दुसऱ्या बारालाच लक्षात आलं होतं," काका म्हणाले. "खांद्याला कळतं. जड गोळीचा धक्का वेगळा."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी गाडी हळू केली. समोर कुणी नव्हतं.

"बोलणार होतो. मग म्हटलं, असू दे. मला मुद्दाम चुकवता येत नाही रे. बंदूक खांद्याला लावली की हात आपोआप नीट धरतो, सासऱ्याने तसंच शिकवलंय. पण हे आयतं होत होतं." मग गिअर बदलत, "उमाच्या घरी मागच्या बाजूला खोली आहे. खिडकीतून ट्राम दिसते. पडदे पण घेतलेत म्हणे."

"तर मग जा ना, काका. तिला सांगा."

"काय सांगू? मला ने म्हणून? ते मला नाही जमत. इंगे कधी मागायला लावायची नाही, आधीच द्यायची. सवयच राहिली नाही."

"मी सांगतो उमाला."

"तू," काका म्हणाले, "आता काहीही दुरुस्त करायचं नाहीस."

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा ते स्वयंपाकघरात खोक्यांसमोर बसले होते. शेडमध्ये जायच्या आधीच त्यांनी सामान बांधलं होतं. आता एकेक वस्तू सोडवून परत फडताळात लावत होते. मिसळणाचा डबा, किसणी, इंगेकाकूंचे दोन कप. कुकरची शिट्टी वेगळी काढून वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळली होती, फ्रँकफर्टला जाताना हरवू नये म्हणून. तो कागद त्यांनी माझ्यासमोर उलगडला, सपाट केला, घडी घातली आणि म्हणाले, "बस. वरणाला उशीर होईल आज."

मी त्यांना खोकी रिकामी करू लागलो. दोघांनी मिळून घर पुन्हा होतं तसं लावलं. जेवताना ते नेहमीसारखे बोलले, मला नेहमीसारखे टोमणे मारून घेतले. बसस्टॉपपर्यंत पोचवायला आले. बस वळली तेव्हा मागच्या काचेतून दिसले. हात खिशात घालून उभे होते. बस गेल्यावरही तिथेच उभे असावेत. घरी जायची घाई असलेला माणूस तसा उभा राहत नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन उमाला फोन केला. काकांनी बजावलं होतं, तरीही. मोडक्या जर्मनमध्ये, चुकीची लिंगं लावत, मी तिला सगळं सांगितलं. दुसरा बार. खांदा. पडदे. कुकरची शिट्टी.



"त्यांना माहीत होतं?" तिने विचारलं. आणि मग, हळू, "मी पुंगळ्या पाहिल्या होत्या, सुहास. लहानपणी आजोबा मला त्या वेचायला लावायचे, शिक्के मला पाठ आहेत. मला वाटलं पापांच्या लक्षात आलेलं नाही. आणि मी गप्प बसले. मुलीने असं करू नये, कळत होतं मला. पण मला ते घरी हवे होते."

 मी नेहमीप्रमाणे सुचेल ते बोललो. म्हणालो, "सॉरी, मला वाटलं मी मदत करतोय."

"शनिवारी गाडी घेऊन जाते मी. त्यांना विचारणार नाही, सरळ सामान भरणार." तिचा आवाज थोडा ओला होता, पण तेवढ्यापुरताच. "आल्झो, त्या शेडमध्ये आपण तिघं होतो. दोघांना सगळं कळलं होतं आणि दोघं तोंड मिटून होतो. एकालाच काही कळलं नव्हतं, आणि नेमका तोच बोलला."